सगळ्यात घट्ट काय चिकटवतं?

आम्ही काही जण मिळून एका जुन्या डिलिव्हरी व्हॅनचं फिरतं वाचनालय करत होतो. टपावर सोलर पॅनलसाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. दुकानात आम्ही विचारलं, ‘सगळ्यात घट्ट चिकटवणारं काय आहे?’ दुकानदार म्हणाले, ‘काय, कशाला चिकटवायचंय?’ त्यांचा प्रश्न आमच्यापेक्षा नेमका होता.

का ते बघू. टप पोलादी, पट्टी अॅल्युमिनियमची. रात्री 20 अंश असलेला पत्रा उन्हात 60 अंशांवर गेला, तर दोन मीटर अॅल्युमिनियम साधारण 1.8 मिलिमीटर वाढतं, पोलाद जेमतेम 1. हा फरक सांध्याला रोज सोसायचा असतो, वर रस्त्याचे हादरे. एपॉक्सी बळकट खरं, पण ताठ. एवढ्या लांब सांध्यात त्याला तडा जाऊ शकतो. पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानातलं पीयू, रबरासारखं ताणतं. गाडीची पुढची काच त्यानेच बसवतात. मात्र थर साधारण 3 मिलिमीटरचा हवा. दाबून सगळं बाहेर काढलं, तर ताणायला उरणार काय?

दुसरी गोष्ट, जोर कुठून येतो? चिकटपट्टी सरळ ओढून बघा, निघत नाही. कोपऱ्यातून सोला, लगेच निघते. वारा पॅनलच्या कडेखाली शिरतो आणि नेमकं हेच करतो. म्हणून टोकांना बोल्ट हवेतच. मुलांच्या डोक्यावर येणारं पुस्तकांचं कपाट तर नुसत्या चिकटवण्याच्या भरवशावर ठेवूच नये.

आता आमची चूक सांगतो. पहिली पट्टी चार दिवसांनी हाताने हलवून पाहिली, तर सरळ हातात आली. पीयू शाबूत होतं, त्याला जुना रंग चिकटून आला होता. खाली गंज. म्हणजे आम्ही पट्टी गाडीला चिकटवलीच नव्हती, सुटलेल्या रंगाला चिकटवली होती. हेच महामार्गावर झालं असतं, मागे एखादी दुचाकी असती, तर?

मग गंज घासून काढला, पत्रा पुसला, प्रायमर दिला. पीयू हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत, हळूहळू पक्कं होतं. म्हणून आठवडाभर गाडी हलवली नाही.

तेव्हा ‘घट्ट’ हा शब्द ऐकला की आपण विचारावं: कशाला, कोणत्या जोराविरुद्ध, आणि खाली काय आहे? नळी त्यानंतर विकत घ्यावी.