संगणकात उठलेले वादळ



मार्च-एप्रिलात सेलू, आर्वी, हिंगणघाटकडे दुपारनंतर आभाळ भरून येते. तासाभरात सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात, गारा पडतात, उभा ऊस लोळतो. 'वेधशाळेला आमच्या गावाचं नाव आधी सांगता येत नाही काय?' असे सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

वादळी ढग होतो कसा? तापलेल्या जमिनीवरची ओलसर हवा वर चढते. वरच्या थंडाव्यात तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि वाफेतली उष्णता मोकळी होऊन हवेला आणखी वर रेटते. हा लोट १२ ते १५ किलोमीटर उंच जातो. शेवटी पाऊस व गारांबरोबर थंड हवा खाली कोसळते. तोच आपला सोसाट्याचा वारा.

संगणकात हेच आकड्यांनी घडवतात. आकाशाचे ठोकळे पाडायचे, प्रत्येकात तापमान, ओलावा, दाब व वारा मांडायचा आणि थोड्या थोड्या सेकंदांनी पुढचा हिशेब करायचा. १९७८ साली अमेरिकेत क्लेम्प व विल्हेल्मसन यांनी असा ढग उभा केला. उंचीनुसार वारा बदलत असला की एका वादळाची दोन कशी होतात, हे त्यातून उमगले.

मग घोडे अडते कुठे? ठोकळ्याच्या आकारावर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरचे ठोकळे धरते. ढगातला लोट त्याहून अरुंद असू शकतो. ठोकळ्याची लांबी-रुंदी निम्मी केली की ठोकळे चौपट होतात, वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम आठपट! शिवाय सकाळच्या मोजणीतली बारीक चूक दुपारपर्यंत मोठी होते.

तेव्हा 'उद्या वर्धा जिल्ह्यात विजांसह पाऊस' ही सूचना खरी धरावी. कोणाच्या वावरात, ते तिला विचारू नये. ऐन वेळी रडार, याच संस्थेचे 'दामिनी' ॲप आणि आपले कान कामी येतात. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. तोडणी लगेच थांबवा, टोळीला पक्क्या घरात न्या; झाडाखाली मुळीच नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

राहिलेला ऊस दुसऱ्या दिवशी गाळपाला येतो. तोडणाऱ्या माणसाचे तसे नाही, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.