भक्षक पेशींचे वार्धक्य आणि आपली दृष्टी



पेडणे-डिचोलीकडील घरांतून वडीलधाऱ्यांना अंधुक दिसू लागले की ‘मोतीबिंदू असेल’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु उतारवयात दृष्टी हिरावणारा आणखी एक विकार आहे, आणि त्यात दिरंगाई महागात पडते. म्हणून आज मी हा विषय निवडला आहे.

डोळ्यातील दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचे लहानसे क्षेत्र असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याच्यामुळे होतात. वयाबरोबर काहींच्या पीतबिंदूखाली मेदयुक्त मळ साचू लागतो. अशा टाकाऊ द्रव्यांची सफाई करणे हे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील भक्षक पेशींचे काम होय. या पेशींचे कार्य उलगडणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र सफाई करणाराच म्हातारा झाला तर? अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. राजेंद्र आपटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली यावर प्रकाश टाकला. पेशीतील कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारे एक प्रथिन वृद्ध भक्षक पेशींत कमी पडते. कोलेस्टेरॉल आतच तुंबते. अशी पेशी अनिष्ट रक्तवाहिन्यांची वाढ रोखण्याऐवजी तिला चालनाच देते. त्या नाजूक वाहिन्यांतून रक्त व द्रव झिरपून पीतबिंदू निकामी होतो. निचरा पुन्हा सुरू करणाऱ्या औषधाने उंदरांत ही वाढ रोखता आली. अर्थात उंदरांत साधलेले सारेच माणसांत साधते असे नव्हे.

तरीही आपण हतबल नाही. अशा वाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शने आज उपलब्ध आहेत. पण ती मुख्यतः उरलेली दृष्टी राखतात. म्हणून वेळेला महत्त्व आहे. एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. धूम्रपानाने धोका वाढतो, हेही विसरू नये.

परगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. चतुर्थीला घरी याल तेव्हा आईवडिलांना एकेक डोळा झाकून माटोळीच्या सरळ पट्ट्यांकडे पाहायला सांगा. त्या वाकड्या दिसल्या, अथवा मध्येच काळा डाग दिसला, तर सण सरण्याची वाट न पाहता त्यांना म्हापशाच्या वा बांबोळीच्या इस्पितळात नेत्रतज्ज्ञांकडे न्या. ज्यांनी आपल्या हाती पहिले पुस्तक दिले, त्यांच्या हातचे पुस्तक सुटू नये, एवढेच मागणे.