सेल्युलर जेलनंतरचा एक दिवस

ठाणे-डोंबिवलीहून निघणाऱ्या अंदमान सहलींचा क्रम ठरलेला असतो: सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, शंखशिंपल्यांची खरेदी आणि परत. जेल चुकवू नयेच. ठाणेकरांचा तर त्या वाटेशी जवळचा संबंध आहे. १९११ मध्ये सावरकरांना ठाण्याच्या तुरुंगातूनच मद्रासला नेलं आणि तिथून ‘महाराजा’ बोटीने अंदमानात. ४ जुलैला ते पोचले. पण याच पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) गाडीने तासाभरावर वंडूर आहे, आणि वंडूरच्या पुढे जे आहे त्याच्यासाठी बऱ्याच सहलींना दिवसच उरत नाही.

तिथे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ मध्ये जाहीर झालेलं, २८१.५ चौरस किलोमीटरचं. पंधरा बेटं, त्यांच्यामधल्या खाड्या आणि पाण्याखालची प्रवाळं, सगळंच संरक्षित. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, पण एकालाही समुद्रकिनारा नाही. आपल्या येऊरच्या जंगलाची हद्द फार तर खाडीला भिडते. पर्यटकांना इथली दोनच बेटं पाहता येतात. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, उरलेल्या दिवसांत रेडस्किन. एक उघडं असताना दुसरं विसावा घेतं.

खरी गंमत वंडूरच्या धक्क्यावरच सुरू होते. बोटीत चढण्याआधी वनखात्याची माणसं पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक बाजूला काढायला लावतात. पाण्याच्या बाटल्या, चिवड्या-भाकरवडीची पाकिटं, वेफर्स, काही सुटत नाही. पाण्यासाठी अनामत भरून वेगळी बाटली मिळते, ती परत केली की पैसे परत. रांगेत कुरकुर होते. “अहो, कचरा आम्ही परतच आणणार आहोत की!” हे वाक्य मराठीतून हमखास ऐकू येतं. मला विचाराल तर ही तपासणी म्हणजे अख्ख्या सहलीतली सर्वांत शहाणी गोष्ट. आपल्या खाडीत भरतीबरोबर काय काय तरंगत येतं, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

बोट तासभर कांदळवनातून जाते. झाडं ओळखीची, खालचं पाणी मात्र अनोळखी, इतकं स्वच्छ. जॉली बॉयजवळ माणसं काचेच्या तळाच्या छोट्या होड्यांत उतरतात. पुढे पांढऱ्या वाळूची एक पट्टी, लगेच मागे जंगल. हॉटेल नाही, टपरी नाही, मुक्काम नाही. दुपारनंतर सगळ्यांनी परतायचं.

काचेखाली पहिल्यांदा दिसतं ते मेंदूसारख्या घड्यांचं प्रवाळ, मग हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, त्यांच्यातून सुळकन जाणारे मासे. माहितीपत्रकातले भडक रंग शोधाल तर निराश व्हाल. मधूनमधून करड्या, मेलेल्या प्रवाळाचे ढिगारेही लागतात. प्रवाळातल्या चिमुकल्या जीवांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. प्रवाळाचं बरंचसं अन्न तीच तयार करतात आणि रंगही बहुतांशी त्यांच्यामुळेच असतो. समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी काही आठवडे तापला तरी ही शैवालं बाहेर टाकली जातात. प्रवाळ पांढरं पडतं, आणि पाणी वेळेत निवलं नाही तर मरतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. मधल्या काळातला घाव वेगळाच: २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, आणि वंडूरच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी झाडांच्या मुळांशी आलं. म्हणून तर प्रवाळावर पाय ठेवू नका, असं होडीवाले पुन्हा पुन्हा बजावतात. एका पावलाने मोडलेली फांदी भरून यायला वर्षं लागतात.

वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा खिशात टाकण्याचा मोह आवरा. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि ते गोळा करणं गुन्हा ठरतो.

जाणारच असाल तर डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले. परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी उद्यान बंद असतं, आणि अंदमानात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पहाटेच निघा. पोहण्याआधी मगरींबद्दलच्या सूचनांचे फलक वाचा. आणि फराळ न्यायचा तर स्टीलच्या डब्यात न्या.