फ्रेड विंटर : लगाम तुटल्यावरही जिंकणारा स्वार

पुण्याच्या अगर मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर ज्या शर्यती होतात, त्या सपाट हिरवळीवरील वेगाच्या शर्यती होत. इंग्लंडात मात्र हिवाळा सुरू झाला की निराळ्याच शर्यतींना रंग चढतो. तेथे घोडा नुसता धावत नाही. वाटेतील कुंपणे, चर आणि खंदक ओलांडीत तो तीन-चार मैलांची दौड करतो. अशा शर्यतींत पडणे हा अपवाद नव्हे, तो त्या व्यवसायाचा एक भागच होय. या क्षेत्रात प्रथम स्वार म्हणून आणि पुढे घोडे तयार करणारा शिक्षक म्हणून, अशी दुहेरी कीर्ती मिळविणारा पुरुष म्हणजे फ्रेड विंटर.

विंटर याचा जन्म 1926 साली इंग्लंडात अँडोव्हर येथे झाला. त्याचे वडील नामांकित जॉकी होते. 1911 साली त्यांनी ओक्स ही मानाची शर्यत जिंकली होती. मुलानेही 1940 साली, वयाच्या चौदाव्या वर्षात, सपाट मैदानावर पहिला विजय मिळविला. परंतु पुढे त्याचे वजन वाढले आणि सपाट शर्यतींचे दार बंद झाले. छत्रीधारी सैनिकांच्या पलटणीत नोकरी केल्यावर तो अडथळ्यांच्या शर्यतींकडे वळला. तेथे स्वाराला थोडे अधिक वजन चालते. मात्र हाडे मोडण्याची तयारी असावी लागते.

ती तयारी त्याला लवकरच दाखवावी लागली. 1948 साली पाठीचा कणा दुखावल्याने तो बराच काळ अंथरुणास खिळला. 1952-53 च्या हंगामात 121 शर्यती जिंकून तो प्रथमच अग्रगण्य जॉकी ठरला, तोच पुढल्या हंगामाच्या आरंभी पाय मोडला आणि ते सबंध वर्ष वाया गेले. तरीही हा पुरुष खचला नाही. एकूण चार वेळा त्याने अग्रपद मिळविले आणि 1964 साली निवृत्त होईपर्यंत 923 विजय त्याच्या नावावर जमा झाले.

या सर्व विजयांत एकाची कथा आजही सांगितली जाते. 1962 च्या जून महिन्यात पॅरिस येथील ओतय मैदानावर फ्रान्समधील अडथळ्यांची सर्वांत मोठी शर्यत होती. विंटर ‘मँडरिन’ नावाच्या अकरा वर्षांच्या, अंगाने लहानशा घोड्यावर होता. चौथ्या अडथळ्याच्या सुमारास घोड्याच्या तोंडातील लगामाची कडीच तुटली. घोडा आवरण्याचे आणि वळविण्याचे साधन गेले. पुढे तीन मैलांहून अधिक वाट आणि तीही आकड्यातील 8 प्रमाणे वळणावळणाची! विंटरने केवळ मांडीच्या दाबाने आणि शरीराच्या तोलाने घोड्यास दिशा दिली. अखेरीस मँडरिनचा पायही दुखावला. तरी त्या शूर जनावराने मस्तकाएवढ्या अंतराने शर्यत मारली. त्यानंतर तो पुन्हा कधी धावला नाही. विंटरने मात्र त्याच दिवशी दुसऱ्या घोड्यावर बसून आणखी एक मोठी शर्यत जिंकली.

निवृत्तीनंतर अशा स्वाराला सहज मानाची जागा मिळावी, असे कोणासही वाटेल. वस्तुतः त्याने शर्यती सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मदतनिसाची जागा मागितली असता त्याला नकार मिळाला. मग लँबर्न या गावी त्याने स्वतःची पागा उघडली. तो नकारच इष्टापत्ती ठरला. 1965 साली ‘जे ट्रंप’ आणि 1966 साली ‘अँग्लो’, असे त्याने तयार केलेले घोडे लागोपाठ ग्रँड नॅशनल जिंकले. ‘बुला’, ‘लँझरोट’, ‘पेंडिल’, ‘मिडनाइट कोर्ट’ ही नावे या पागेतूनच पुढे आली. शिक्षकांत त्याने आठ वेळा अग्रपद मिळविले.

शिक्षकाचे काम स्वाराहून निराळे असते. स्वाराचा कस काही मिनिटांत लागतो. शिक्षकाला पहाटेची रपेट, दाणापाणी, पायाची सूज, घोड्याचा स्वभाव यांवर महिनोन् महिने नजर ठेवावी लागते, आणि शर्यत सुरू झाली की दुरून पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. 1973 च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याचा ‘क्रिस्प’ कितीतरी पुढे होता. पण त्याच्या पाठीवर ‘रेड रम’पेक्षा 23 पौंड अधिक भार होता. शेवटच्या सरळ वाटेवर क्रिस्पचे पाय जड झाले आणि पाऊण लांबीने हातचा विजय गेला. त्या पराभवाची आठवण लोकांनी विजयाइतकीच जपली आहे.

1987 साली घरातील जिन्यावरून पडून त्याला गंभीर इजा झाली आणि त्याची वाचा जवळजवळ गेली. भर वेगात घोड्यावरून शेकडो वेळा पडूनही उठलेल्या माणसाला आपल्याच घराच्या पायऱ्यांनी थांबवावे, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा! 2004 साली त्याचे निधन झाले.

ग्रँड नॅशनल, चेल्टनहॅमचा सुवर्णचषक आणि चॅम्पियन हर्डल या तिन्ही शर्यती स्वार व शिक्षक या दोन्ही नात्यांनी जिंकणारा तो एकमेव पुरुष होय. लगाम हाती असताना घोडा चालविणारे पुष्कळ असतात. तो तुटल्यावरही घोड्याचा विश्वास टिकवून धरणारा विरळा. स्वार म्हणून विंटरने तो विश्वास कमावला, आणि शिक्षक म्हणून त्याच्याच बळावर पागा उभी केली.