खेळासाठीचा पहिला संगणक

दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईचा रिची स्ट्रीट या संगणकाच्या सुट्या भागांच्या नामांकित बाजारपेठा आहेत. खेळ खेळता येईल असा संगणक जोडून घेण्यासाठी येथे येणारा तरुण बहुधा दुकानदाराला आपली रक्कम सांगतो आणि दुकानदार एक तयार यादी त्याच्यापुढे सरकवतो. त्या यादीत प्रोसेसरचे नाव ठळक असते, कॅबिनेटला काचेची बाजू आणि रंगीत दिवे असतात. एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी, यापुढे मात्र ‘चांगल्या कंपनीचा’ एवढेच लिहिलेले आढळते. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे अशा यादीवर खर्च करण्यापूर्वी ती वाचता यायला हवी.

त्यासाठी खेळ चालू असताना संगणकात काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. पडद्यावर दिसणारी हालचाल ही वास्तविक स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत कोणता खेळाडू कोठे आहे, चेंडू भिंतीवर आदळला की नाही, याचा हिशेब प्रोसेसर करतो. मग ग्राफिक्स कार्ड पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवते. १९२० × १०८० ठिपक्यांच्या सर्वसाधारण पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. ‘फोर-के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ठिपक्यांची संख्या बरोबर चौपट होते.

पंगतीसाठी एकाने पोळ्या लाटाव्यात आणि दुसऱ्याने भाजाव्यात, तसे हे काम चालते. लाटणारा कितीही चपळ असला तरी तवा एकच असेल, तर पानात पोळी तव्याच्याच गतीने पडते. महागडा प्रोसेसर आणि दुबळे ग्राफिक्स कार्ड यांची जोडी अशीच अडते. मात्र संगणक वेगवान असल्याचे सांगताना बाजारात प्रोसेसरचेच नाव पुढे केले जाते.

म्हणून यादी पडद्यापासून लिहिण्यास आरंभ करावा. पडदा किती ठिपक्यांचा आणि त्यावर कोणते खेळ खेळायचे, हे ठरले की ग्राफिक्स कार्ड ठरते आणि त्याला साजेसा प्रोसेसर मागाहून निवडता येतो. ‘व्हॅलोरंट’सारख्या स्पर्धात्मक खेळांना साधे कार्ड पुरते, विस्तीर्ण जग दाखवणारे नवे खेळ मात्र कार्डाची खरी परीक्षा घेतात. ढोबळ मानाने एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडा अधिक, कार्डासाठी राखणे योग्य ठरते.

तेवढे पैसे हाताशी नसतील तर? तेव्हा स्वस्तातले कसलेही कार्ड घेण्याचा मोह होतो; वर्षभरात ते अपुरे पडते आणि ते पैसे वाया जातात. त्यापेक्षा खरेदी दोन टप्प्यांत करणे हिताचे असते. काही प्रोसेसरांमध्येच चित्र रंगवण्याची बऱ्यापैकी सोय असते. २०२१ मध्ये आलेला एएमडी कंपनीचा ‘रायझन ५ ५६००जी’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्यावर हलके खेळ कार्डाविना चालतात आणि पुढे पैसे जमले की कार्ड बसवता येते. त्याच मालिकेतील, ‘जी’ नसलेल्या ‘५६००’ मध्ये ही सोय नाही. उलट त्यातील ‘कॅशे’ नावाची जलद स्मृती दुप्पट असल्याने कार्ड जोडल्यावर तोच सरस ठरतो. इंटेलच्या प्रोसेसरांच्या नावाअखेर येणारे ‘एफ’ हे अक्षरही असेच अर्थपूर्ण आहे. असा प्रोसेसर किंचित स्वस्त मिळतो. परंतु त्यात चित्राची सोय नसते. कार्ड नंतर घेऊ म्हणणाऱ्याने तो घेतला, तर पडदा काळाच राहील. एका अक्षरासाठी दुकानाची दुसरी खेप पडते.

रॅम १६ जीबी असावी आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या की माहितीला ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. कार्डाविना खेळणाऱ्याला हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे चित्राचे कामही रॅमवरच चालते. मदरबोर्डाशी मेळ मात्र पाहावा लागतो: डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही आणि प्रत्येक प्रोसेसरला ठराविक सॉकेटच लागते. गतवर्षीच्या किमतींवरही विसंबू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. साठवणुकीसाठी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी.

आता यादीतील त्या दुर्लक्षित ओळीकडे वळू. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलून देणे हे एसएमपीएसचे कार्य. वेग वाढवण्याशी त्याचा संबंध नसल्याने काटकसर नेमकी येथेच केली जाते. मध्यम प्रतीचे कार्ड १३० ते १७० वॅट वीज घेते, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असतो. तरीही कार्ड क्षणभर याहून बरीच अधिक वीज ओढू शकते. म्हणून अशा संगणकाला खरोखरच्या ५५० वॅटची पेटी शोभते. ‘खरोखरच्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या पेटीवरील आकडा पुष्कळदा छापण्यापुरताच असतो. ‘८० प्लस’ ही खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते. संरक्षणाची हमी देत नाही. हलकी पेटी बिघडताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही सोबत नेऊ शकते. काचेच्या कॅबिनेटवरील पैसे येथे वळवावेत. घरातील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हेही तपासून घ्यावे, आणि वीज वारंवार जात असेल तर यूपीएसची रक्कम आधीच बाजूला काढावी.

जुने कार्ड घेणे हा बचतीचा मार्ग आहे, पण तो डोळसपणे चोखाळावा लागतो. २०२१ मध्ये आभासी चलन मिळवण्यासाठी कार्डे अहोरात्र राबवली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि अशी असंख्य कार्डे विक्रीला आली. शिवाय जुन्याच कार्डाला नव्या कार्डाचे नाव देणारी बनावट कार्डेही आढळतात. म्हणून कार्ड दुकानातच जोडून, जड खेळ अर्धा तास चालवून पाहावे. नव्या भागांच्या पावतीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्याविना वॉरंटीचा दावा करणे कठीण जाते.

सर्व भाग जोडून झाल्यावर एक बारीक चूक हमखास होते. पडद्याची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डाला लावली जाते. मग चित्र दिसत नाही, किंवा दिसले तरी ते प्रोसेसरकडून येते आणि एवढ्या कष्टाने घेतलेले कार्ड नुसते बसून राहते. पडदा १४४ हर्ट्झचा असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडाही स्वतः निवडावा लागतो. अन्यथा तो पडदा बहुधा ६० वरच चालत राहतो.