काउंटीतला विद्यापीठाचा माणूस

अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक काउंटीत राज्याच्या कृषी विद्यापीठाचे एक छोटे कार्यालय असते. तिथे पदवीचे वर्ग भरत नाहीत. लोक मातीचा नमुना घेऊन येतात, पानावरची कीड दाखवतात, भाज्या टिकवण्याची रीत विचारतात, कधी कर्जाचे कागद टेबलावर पसरतात. ‘कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन’ नावाने ओळखली जाणारी ही विस्तार सेवा केंद्र, राज्य आणि काउंटी या तिघांच्या पैशांवर चालते. गेल्या शंभरहून अधिक वर्षांत मंदी, महायुद्धे, कर्जसंकट आणि महापूर या सगळ्यांत तिचा उपयोग झाला. त्याचे मुख्य कारण साधे आहे. संकट येण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा माणूस त्या गावांत वावरत होता आणि लोक त्याला नावाने ओळखत होते.

या व्यवस्थेचे मूळ 2 जुलै 1862 च्या मॉरिल कायद्यात आहे. यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या या कायद्याने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या त्याच्या दर सदस्यामागे 30,000 एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. (ही ‘सरकारी’ जमीन बव्हंशी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे त्या इतिहासात फार उशिरा नोंदले गेले.) 1887 च्या हॅच कायद्याने या महाविद्यालयांना संशोधन केंद्रे जोडली. ज्ञान तयार होऊ लागले, पत्रके छापली जाऊ लागली, पण ती वाचून कोणी पेरणीची रीत बदलत नव्हते.

ही अडचण सुटली ती एका किडीमुळे. 1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये कपाशीचा सोंडकिडा शिरला. विदर्भ-मराठवाड्याला ठाऊक असलेली बोंडअळी ती ही नव्हे. हा लांब सोंडेचा छोटा भुंगा पात्या आणि बोंडे पोखरून त्यांत अंडी घालतो. पीक गेले की पिकावर कर्ज देणारा दुकानदार बुडे, त्याच्यामागून बँक. 1903 मध्ये टेक्सासच्या टेरेल गावी सीमन नॅप या सत्तरीला टेकलेल्या कृषी शिक्षकाने एक अट घातली. प्रात्यक्षिक सरकारी शेतावर नको, गावातल्याच एका शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या हातांनी करावे. तोटा झालाच तर भरून देण्यासाठी गावच्या व्यापाऱ्यांनी निधी उभारला. वॉल्टर पोर्टर यांच्या शेतावर हा प्रयोग झाला आणि निधीला हात लावावा लागला नाही. नॅप यांच्या शिफारशीत जादू काहीच नव्हती: लवकर येणारे वाण पेरा, ओळींत अंतर ठेवा, मशागत वारंवार करा आणि वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटून नष्ट करा, म्हणजे किड्याला हिवाळा काढायला जागा उरणार नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून दिसलेले पीक मात्र छापील पत्रकापेक्षा जास्त पटले.

1906 मध्ये टेक्सासच्या स्मिथ काउंटीत पहिला पूर्णवेळ काउंटी एजंट नेमला गेला. त्याच वर्षी अलाबामातल्या टस्कीगी संस्थेतून एक घोडागाडी निघाली. तिची आखणी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची होती आणि पैसा न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांचा. अवजारे आणि बियाणे घेऊन ती कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारी जाई. ती चालवणारे थॉमस कॅम्पबेल हे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. 1910 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. एकदशांश एकरावर टोमॅटो पिकवायचे, डबाबंद करायचे आणि विकून आलेले पैसे स्वतःचे. अशा मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ ही मुलांची चळवळ आणि गृहविस्तार अधिकारी महिलांची फळी उभी राहिली.

8 मे 1914 रोजी वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली आणि या विखुरलेल्या धडपडीला कायमचा पाया मिळाला. प्रत्येक राज्याला ठरावीक 10,000 डॉलर आणि पुढची रक्कम ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात, पण राज्याने तेवढीच भर घातली तर. पैसा कोणत्या महाविद्यालयाला द्यायचा हे राज्य विधिमंडळांवर सोडलेले होते. दक्षिणेतल्या राज्यांनी तो श्वेतवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे वळवला. कृष्णवर्णीय अधिकारी वेगळ्या कार्यालयांत, कमी पगारावर राबत राहिले. अलाबामात ही विषमता मोडायला 1971 मध्ये न्यायालयाचा आदेश लागला.

पहिल्या महायुद्धात या सेवेला अचानक महत्त्व आले. गहू वाढवा, हा संदेश एजंटांनी शेतोशेती पोचवला आणि 1913 मध्ये सुमारे 4.7 कोटी एकर असलेले गव्हाचे क्षेत्र 1919 पर्यंत 7.4 कोटी एकरांवर गेले. युद्ध संपून युरोपातली मागणी ओसरताच 1920 मध्ये भाव कोसळले. उत्पादन वाढवणे ही विस्तार सेवेची पहिली शिकवण. तिची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागू शकते, हे तेव्हा प्रथम उघड झाले.

महामंदीत हीच माणसे उलटा निरोप घेऊन त्याच दारांत उभी राहिली. 1933 च्या शेती कायद्यानुसार पीक कमी करणाऱ्याला भरपाई मिळणार होती, पण कायदा मंजूर होईपर्यंत कपाशी उगवून आली होती. करार भरून घेणे, शेत मोजणे, गावसमित्या बसवणे ही कामे करायला वॉशिंग्टनकडे काउंटी एजंटांखेरीज यंत्रणाच नव्हती. त्या उन्हाळ्यात सुमारे 1 कोटी एकरांवरचे उभे पीक नांगरून टाकण्यात आले. ओळीवर पाय द्यायचा नाही असे शिकलेली खेचरे पिकावरून चालायला तयार होईनात, अशी हकिकत तेव्हा सर्वत्र सांगितली जाई. भाव सुधारले. भरपाई मात्र जमीनमालकाच्या हाती पडली, वाटेकऱ्याचा हिस्सा पुष्कळदा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही आणि पीकच कमी म्हटल्यावर अनेकांना शेतावरून हाकलण्यात आले. 1934 मध्ये आर्कान्सात वाटेकऱ्यांची संघटना उभी राहिली ती यातूनच. एजंटाची ऊठबस मुख्यतः ‘फार्म ब्यूरो’ या संघटनेच्या सधन सभासदांत असे; वाटेकऱ्याचा विसर पडायला तेवढे पुरे होते.

त्या दशकातले अधिक निर्मळ काम गृहविस्तार अधिकारी महिलांच्या नावावर जमा आहे. घेवडा किंवा मका यांसारखे आंबट नसलेले पदार्थ नुसते उकळून बाटलीत भरले, तर बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते. त्यासाठी दाबाचे भांडे लागते आणि ते प्रत्येक घराला परवडणारे नव्हते. गावच्या शाळेत किंवा चर्चमध्ये सामायिक भांडी ठेवून शेकडो काउंट्यांत डबाबंदीची केंद्रे चालली. 1940 पासून, सरकारकडे पडून राहिलेला कापूस गरीब कुटुंबांना देऊन त्यांच्याकडूनच गाद्या शिवून घेण्यात आल्या. अशा लाखो गाद्या तयार झाल्या. गव्हाच्या काडांवर किंवा मक्याच्या सालपटांवर झोपणाऱ्या घरांत पहिली कापसाची गादी आली ती अशी.

दुसऱ्या महायुद्धात 1943 पासून शेतमजूर जमवण्याचे कामही याच सेवेकडे आले. शहरातल्या स्त्रिया, विद्यार्थी आणि युद्धकैदीसुद्धा शेतांवर राबले.

युद्धानंतर या पद्धतीची निर्यात झाली. भारतात 1960 मध्ये पंतनगरचे कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने उभे राहिले. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले. 1968 मध्ये राहुरीला, पुढच्या वर्षी अकोल्याला आणि 1972 मध्ये परभणी व दापोलीला कृषी विद्यापीठे झाली. अध्यापन आणि संशोधन त्यांच्याकडे आले, पण गावपातळीवरचा विस्तार राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. कृषी सहायक ही खात्याची माणसे. 1974 मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालेल्या कृषी विज्ञान केंद्रांनी ही दरी काहीशी बुजवली. तरी आपल्याकडे वाण आणि खत सांगणारा एक, कर्जाचे बोलणारा दुसरा आणि खचलेल्या माणसाकडे पाहणारा तिसराच, ही विभागणी टिकून आहे.

अमेरिकेत या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या त्या 1980 च्या दशकात. आधीच्या दशकात धान्याची निर्यात वाढली होती, जमिनीचे भाव चढत होते आणि बँका चढत्या तारणावर कर्ज देत होत्या. मग व्याजदर भडकले. जानेवारी 1980 मध्ये सोव्हिएत संघावर धान्यबंदी आली. आयोवा स्टेट विद्यापीठ 1941 पासून जमिनीच्या किमतीची दरवर्षी पाहणी करते. तिच्यानुसार 1981 मध्ये एकरी सरासरी 2,147 डॉलर असलेला भाव 1986 मध्ये 787 डॉलरवर आला. हप्ते थकले, पिढीजात शेते लिलावात निघाली, आत्महत्या झाल्या.

पीकशास्त्र शिकून आलेल्या अधिकाऱ्यांना आता वेगळेच काम पडले. मिनेसोटा विद्यापीठाने तयार केलेल्या ‘फिनपॅक’ या संगणकप्रणालीवर एकेका शेताची जमा-नावे मांडून, काय विकले तर घर वाचेल आणि काय केले तरी वाचणार नाही, हे कुटुंबाला सांगायचे. 1986 मध्ये मिनेसोटाने कायदा केला की जप्तीआधी सावकाराने शेतकऱ्याला मध्यस्थीची संधी दिलीच पाहिजे, आणि ती मध्यस्थी चालवण्याचे काम विस्तार सेवेवर सोपवले. आयोवात 1985 मध्ये मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. फोन करणारा बोले कर्जाबद्दल किंवा कायद्याच्या नोटिशीबद्दल. आत्महत्येचा विचार त्या बोलण्यातून ओळखायला उचलणाऱ्याला शिकावे लागे. सगळी शेते वाचली नाहीत, ती वाचवणे या सेवेच्या हातातही नव्हते. पण बँकेचा माणूस नव्हे आणि सरकारी वसुलीचाही नव्हे, असा हिशेब जाणणारा कोणी तिसरा समोर बसणे, हीच तेव्हा दुर्मीळ मदत होती.

1993 मध्ये मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना महापूर आला तेव्हा शेजारच्या राज्यांच्या विस्तार सेवा एकच माहिती वेगवेगळी तयार करत होत्या. पाण्यात भिजलेले धान्य जनावरांना चालेल का, विहीर निर्जंतुक कशी करायची, भिंतीतली बुरशी कशी काढायची, हे प्रश्न सगळीकडे सारखेच होते. त्यातून ‘ईडेन’ हे आपत्ती-शिक्षणाचे आंतरराज्य जाळे जन्मले. पुढे चक्रीवादळे, वणवे आणि जनावरांच्या साथींतही ते वापरले गेले.

या काळात सेवेचा पाया मात्र आक्रसत गेला. खर्चाचे तीन भागीदार असल्यामुळे मंदीत तिघेही एकदम हात आखडता घेतात, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पदे घटतात. आयोवाने 2009 मध्ये प्रत्येक काउंटीचा स्वतंत्र संचालक रद्द करून अनेक काउंट्यांना मिळून एक विभागीय संचालक नेमला. 1985 ची दूरध्वनी सेवा मात्र बंद पडली नाही. आता ती चोवीस तास चालते आणि शेतीशी संबंध नसलेल्यांचेही फोन घेते.