भुताच्या कार्डामागचं नाव

भुताखेतांच्या सणाला कुणी शुभेच्छाकार्ड पाठवतं का? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीला ताईकडे गेले, तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोवीन. दारोदारी कोरलेले भोपळे, आणि भुताचा वेष घालून खाऊ मागत फिरणारी मुलं! सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. हिवाळा लागताना मेलेल्यांचे आत्मे परत येतात, ही जुनी समजूत. तिथे सलगम कोरून दिवे करत. अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांनी भोपळा धरला. ऐकून मला आपला पितृपंधरवडाच आठवला.

ताईच्या शेजारी एक आजी एकट्याच राहतात. दरवर्षी त्या हाताने केलेलं कार्ड घेऊन येतात. त्या वर्षीच्या कार्डावर कंदील धरलेलं काळं मांजर होतं, आणि त्याचा हात चक्क हलत होता! मला ते इतकं आवडलं, की बोस्टनला शिकणाऱ्या भाचीसाठी तसंच करायला बसले. घराबाहेरचा तिचा तो पहिलाच सण होता.

नारिंगी जाड कागद दुमडून ५ इंच बाय ७ इंचांचं कार्ड केलं. काळ्या कागदाचं मांजर कापलं, एक हात मात्र वेगळा. दोन्हीला दाभणाने भोक पाडून दोन पायांची पितळी पिन घातली आणि मागे पाय फाकवले. मैत्रिणींनो, पिन जरा सैलच ठेवा, नाहीतर हात हलत नाही. मग मांजर फोमच्या चिकट तुकड्यांवर उचलून चिकटवलं, म्हणजे पिनेला मागे जागा राहते. कंदिलाला पिवळा कागद लावला. एक लक्षात ठेवायचं, पाकीट पाव इंचाहून जाड झालं, तर तिकडचं टपालखातं ते साधं पत्र धरत नाही. पिनेच्या उंचवट्यामुळेही जास्तीचं तिकीट लागू शकतं.

कार्ड झालं, आणि मी मोठ्या ऐटीत ते आजींना दाखवायला नेलं. त्यांनी कौतुक केलं, हात हलवून पाहिला. मग कार्ड उलटं केलं. मागे कोरं! काही न बोलता त्यांनी स्वतःचं कार्ड आणून पुढे केलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कल्पना : एलन क्लॅपसॅडल’.

या बाई १८६५ ते १९३४ या काळातल्या अमेरिकन चित्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे सणांच्या पोस्टकार्डांची फार चलती होती. क्लॅपसॅडलबाईंनी अशी ढीगभर कार्डं काढली. त्यांच्या काही हॅलोवीन कार्डांवर मुलाचा हात हलवता येतो. आजींनी त्या मुलाचं मांजर केलं, पण नाव सोडलं नाही.

मला एकदम आमच्या बचत गटातली एक बाई आठवली. तिने मण्यांच्या तोरणाचा नवा नमुना बसवला होता. प्रदर्शनात दुसरीने हुबेहूब तसाच मांडला आणि सगळा विकला. ही रडत माझ्याकडे आली, तर मी म्हटलं, “अगं, कल्पना काय कुणाच्या मालकीची असते?” तेव्हा मला ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. आजींसमोर मात्र मान वर होईना.

त्याच रात्री मी कार्डामागे दोन्ही नावं लिहिली, क्लॅपसॅडलबाईंचं आणि आजींचं, त्यांना विचारून. शेवटी माझं. भाचीचा फोन आला तो हसतच. मांजर तिने टेबलावर ठेवलं होतं.

घरी परतल्यावर आधी त्या तोरणवालीकडे गेले. चूक कबूल केली. तिने चहा टाकला, बोलली मात्र थोडंच. आता आमच्या गटाच्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते : नमुना कुणाचा, हात कुणाचा. तोरणाच्या चिठ्ठीवर पहिलं नाव तिचं.

दुसरीचं पाहून शिकायला लाज कसली? आपण सगळ्या तशाच शिकलो. फक्त कार्ड उलटं केलं, तर मागे कोरं नसावं.